‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’, मग ख्रिस्त देव कसा? चौथ्या शतकातील एका वादाची आणि त्यातील प्रवचनांची ओळख

२०२५च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातील इझ्निक या तळ्याकाठच्या गावी गेले आणि कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमधील ज्येष्ठ धर्माध्यक्ष, बार्थोलोम्यू यांच्यासह तेथील एका प्राचीन चर्चच्या अवशेषांजवळ त्यांनी प्रार्थना केली. इझ्निक म्हणजे पूर्वीचे नायसीया. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२५मध्ये बिशपांची, म्हणजे धर्मप्रांतांच्या प्रमुखांची, परिषद याच गावी बोलावली होती आणि तिला सतराशे वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त या भेटीला होते. येशू ख्रिस्त देव आहे की नाही, हा वाद त्या परिषदेत निकालात निघाला, अशा एका वाक्यात हा विषय बहुतेक ठिकाणी उरकला जातो. ते वाक्य वाचून सामान्य वाचक गोंधळून गेला, तर त्याला दोष देता येणार नाही. येशूनंतर तीनशे वर्षे लोटली, तरी तो देव आहे की नाही हेच ख्रिस्ती लोकांना ठाऊक नव्हते काय? आणि अशी गोष्ट सभा भरवून, हात वर करून कशी काय ठरवता येते?

वाद निकालात निघाला हे पहिल्याप्रथम दुरुस्त करायला हवे. तो पुढे छप्पन्न वर्षे धुमसत राहिला. शिवाय परिषदेचा ठराव मोजक्या ओळींचा आहे. त्या ओळी खऱ्या का मानायच्या, हे लोकांच्या गळी उतरवण्याचे काम झाले ते व्यासपीठांवरून, प्रवचनांतून. ती प्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात आणि माझ्या मते हा वाद समजून घेण्याचा सर्वांत चांगला रस्ता तोच आहे. या लेखात प्रामुख्याने एका प्रवचनकाराचा आधार घेतला आहे. त्याचे नाव नाझियान्झसचा ग्रेगरी, स्थळ कॉन्स्टँटिनोपल, साल ३८०.

वाद नेमका कशाचा होता?

येशूला मान द्यायचा की नाही, असा हा वाद नव्हता. दोन्ही पक्ष ख्रिस्ताची उपासना करत होते, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देत होते आणि त्याला ‘देवाचा पुत्र’ म्हणत होते. प्रश्न होता तो ‘पुत्र’ म्हणजे काय, एवढाच.

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात आरियस नावाचा एक वयस्कर धर्मगुरू होता. त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. देव एकच आहे आणि तो कोणापासूनही उत्पन्न झालेला नाही. पुत्र मात्र पित्यापासून झालेला आहे. जो झाला, तो होण्यापूर्वी नव्हता. म्हणून पुत्र कितीही थोर असला, त्याच्याच द्वारे बाकीची सृष्टी निर्माण झाली असली, तरी तो स्वतः निर्मितीचाच भाग आहे. सर्वांत पहिला आणि सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. ‘तो नव्हता असा एक काळ होता’ या आशयाचे त्याचे सूत्र लोकांच्या तोंडी बसले. आपली मते त्याने पद्यात बांधली होती आणि खलाशांसाठी, दळण दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने गाणी रचली होती, असे एका जुन्या इतिहासकाराने नोंदवले आहे. जात्यावरच्या ओवीतून तत्त्वज्ञान घराघरांत पोहोचते हे ज्यांनी पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

आरियसला खलनायक ठरवून मोकळे होण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. देवाचे एकत्व जपावे, देवाला भूक, थकवा आणि मरण यांचा विटाळ होऊ नये, ही त्याची तळमळ खरी होती. आणि शास्त्रातील आधार त्याच्याजवळ भरपूर होते. ते पुढे येतीलच.

परिषदेत ठरले, मग पुढे भांडण कसले?

नायसीयात जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांनी आरियसचे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, लिहिले. एकतत्त्व म्हणजे असे, की पित्याचे देवपण आणि पुत्राचे देवपण ही दोन वेगळ्या प्रतीची, उच्च आणि कनिष्ठ अशी देवपणे नाहीत. ते एकच आहे. ठरावावर सही करायला अखेरपर्यंत नकार देणारे बिशप दोनच होते.

मात्र हा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही, ही अडचण सह्या करणाऱ्यांपैकीही अनेकांना टोचत राहिली. त्यात पुढच्या सम्राटांची मर्जी फिरली. खुद्द कॉन्स्टंटाइनला ३३७मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या एका बिशपाने. नायसीयाचा खंदा पुरस्कर्ता असलेला अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधील चर्च तर सुमारे चाळीस वर्षे नायसीयाविरोधकांच्याच ताब्यात होती.

त्या शहराचे वातावरण कसे होते, याचे वर्णन निस्साचा ग्रेगरी या दुसऱ्या एका बिशपाने ३८३मधील प्रवचनात करून ठेवले आहे. तुम्ही मोड मागायला जावे, तर दुकानदार ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यांवर व्याख्यान देतो. पावाचा भाव विचारावा, तर उत्तर मिळते की पिता थोर आणि पुत्र त्याच्याखालचा. स्नानगृहात पाणी तापले का म्हणून विचारावे, तर सेवक सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला आहे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

घरात भरणारे चर्च

३७८मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या हातून सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. नायसीयाविरोधकांचा राजाश्रय त्याच्याबरोबर संपला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये उरलेल्या मूठभर नायसीयावाद्यांनी ही संधी साधून ग्रेगरीला बोलावले. तो आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, मध्यभागातील कप्पादोकियाचा, एका बिशपाचा मुलगा, अथेन्समध्ये वक्तृत्व शिकलेला, प्रकृतीने तोळामासा आणि स्वभावाने एकांतप्रिय. शहरात त्याला एकही चर्च मिळणार नव्हते, म्हणून एका नातेवाइकाच्या घरातच प्रार्थनास्थळ थाटून त्याचे नाव अनास्तासिया, म्हणजे पुनरुत्थान, असे ठेवण्यात आले. ३७९च्या ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याचा विधी चालू असताना जमावाने आत घुसून दगडफेक केली. हल्लेखोरांना न्यायालयात खेचावे असा आग्रह धरणाऱ्या आपल्या माणसाला ग्रेगरीने पत्र लिहून आवरले. ते पत्र उपलब्ध आहे.

याच घरात त्याने ३८०मध्ये दिलेली पाच प्रवचने पुढे इतकी गाजली, की पूर्वेकडील चर्चमध्ये त्याला ‘ईश्वरज्ञानी’ ही पदवी कायमची चिकटली. शहर सोडताना केलेल्या भाषणात त्याने श्रोत्यांबरोबर आणखी दोन गोष्टींचा निरोप घेतला आहे. एक म्हणजे ऐकण्यासाठी पुढे रेटणाऱ्या गर्दीने दाबलेला तो कठडा, आणि दुसरी म्हणजे उघड तसेच लपूनछपून चालणाऱ्या लेखण्या. बोललेला शब्द लघुलिपीत टिपून घेणारे लोक तेव्हा होते, आणि त्यांतले काही बहुधा विरोधकांसाठीही टिपणे घेत असावेत. आज आपण ती प्रवचने वाचतो, त्यात या लेखण्यांचाही वाटा असणार.

पहिल्या प्रवचनात तर ग्रेगरी विषयाला हातच घालत नाही. देवाविषयी बोलणे हे कोणीही, कोठेही, केव्हाही करण्याचे काम नाही. घोड्यांच्या शर्यती, नाटके आणि मेजवान्या यांच्याच रांगेत बसवून चघळण्याचा हा विषय नाही, अशी खरपूस तंबी तो देतो. वाद जिंकण्यासाठी आलेल्या माणसाने आधी वादाच्या हौसेचेच कान उपटावेत, हा प्रकार धाडसाचा म्हटला पाहिजे.

‘जन्मला’ म्हणजे ‘आधी नव्हता’ असे नाही काय?

या काळात विरोधी बाजूचा सर्वांत तल्लख माणूस आरियस नव्हे, तर युनोमियस होता. आरियस कधीच वारला होता. युनोमियसचा दावा असा, की देवाचे सारतत्त्वच मुळी ‘अजन्मा असणे’ हे आहे. पुत्र जन्मलेला आहे, हे तर सगळेच मान्य करतात. तेव्हा ज्याच्याजवळ ते सारतत्त्व नाही, तो देव कसा असेल?

ग्रेगरीचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी अशी, की अजन्मा हा शब्द कोणी कोठून आला, किंवा कोठूनही आला नाही, एवढेच सांगतो. तो काय आहे, हे सांगत नाही. आदामाला देवाने मातीतून घडवले, हव्वा त्याच्या फासळीतून झाली आणि शेथ त्या दोघांच्या पोटी जन्मला. तिघांच्या येण्याच्या तऱ्हा वेगळ्या, म्हणून त्यांतला एखादा कमी मनुष्य ठरतो काय? त्याचप्रमाणे ‘पिता’ हे नाव सारतत्त्वाचे नाही आणि कृतीचेही नाही. ते नात्याचे नाव आहे. आणि नाते दोन्ही बाजूंनी एकदमच सुरू होते: पुत्र नसताना कोणी पिता नसतो. देव जर नित्य पिता असेल, तर पुत्रही नित्यच असला पाहिजे.

दुसरी पायरी काळाची. आपल्याकडे बाप आधी आणि मुलगा नंतर, कारण आपण काळात जगतो. पण काळ हीच जर निर्मिती असेल, तर निर्मितीपूर्वीच्या जन्माला ‘आधी’ आणि ‘नंतर’ लावणे व्यर्थ आहे. विश्वासांगीकारात ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द आहेत, त्यांचा रोख हाच आहे. समईची एक वात दुसरीवरून पेटवली, तर दुसरी ज्योत पहिलीपासून आलेली असते, पण ती कमी ज्योत नसते आणि पहिलीतूनही काही उणे होत नाही. उपमा अर्थात तोकडी आहे, कारण इथे एक वात आधी पेटते. सूर्य आणि किरण, झरा आणि नदी या उपमा ग्रेगरीनेही हाताळून पाहिल्या आणि पाचव्या प्रवचनाच्या शेवटी त्या सगळ्या बाजूला ठेवल्या: प्रत्येकीत काहीतरी जुळते आणि जे जुळत नाही ते घात करते.

युनोमियसच्या बाजूचे लोक एक पेच टाकत असत. पित्याने पुत्राला इच्छेने जन्म दिला की अनिच्छेने? अनिच्छेने म्हणावे, तर देवावर बळजबरी झाली असे होते. इच्छेने म्हणावे, तर पुत्र हा इच्छेचा पुत्र ठरतो आणि इच्छा त्याच्याआधीची ठरते. ग्रेगरी विचारतो, तुझ्या बापाने तुला इच्छेने जन्म दिला की अनिच्छेने? आणि देव स्वतः देव आहे तो इच्छेने की अनिच्छेने? श्रोत्यांत हशा पिकला असेल, असे वाचताना वाटून जाते. पण टोल्यामागे मुद्दा आहे: प्रश्नाला दोनच उत्तरे दिलेली असली, म्हणजे त्यांपैकी एक खरे असलेच पाहिजे असे नाही.

मग तो जन्म नेमका कसा झाला? यावर मात्र तो हात जोडतो आणि देवाचा जन्म मौनानेच पूजावा असे म्हणतो. ही पळवाट आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला ती पळवाट वाटत नाही, कारण देवाचे सारतत्त्व आपल्या मुठीत सापडले आहे, हाच तर युनोमियसचा दावा होता, आणि ग्रेगरीचा सगळा विरोध त्या मुठीलाच होता.

मग ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ या वाक्याचे काय?

हा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो तत्त्वज्ञानातून आलेला नाही. तो शुभवर्तमानातून, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातून, येशूच्याच तोंडून आलेला आहे. योहानाच्या चौदाव्या अध्यायात हे वाक्य आहे. मार्काच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या दिवसाविषयी येशू म्हणतो, की तो पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. त्याला भूक लागते, झोप येते, तो रडतो, प्रार्थना करतो. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे ओरडतो. ही वाक्ये नायसीयाविरोधकांची तटबंदी होती आणि ग्रेगरीने चौथे प्रवचन जवळजवळ पूर्णपणे अशा वचनांची एकेक करून उकल करण्यासाठी खर्ची घातले.

त्याने वाचनाचा एक नियम सांगितला. शास्त्रात पुत्राविषयी उंच वाक्ये आहेत आणि नम्र वाक्येही आहेत. उंच वाक्ये त्याच्या देवपणाची. नम्र वाक्ये त्याची, ज्याने तुमच्यासाठी स्वतःला रिते केले आणि देह धारण केला. दोन्ही प्रकारची वाक्ये एकाच व्यक्तीविषयी आहेत. एका प्रकारची वाक्ये घेऊन दुसऱ्या प्रकारची खोडायची नाहीत.

नियम म्हणून हे कोरडे वाटते. तिसऱ्या प्रवचनाच्या शेवटी त्याचा जो उपयोग ग्रेगरीने केला आहे, तो मात्र अजिबात कोरडा नाही. तिथे त्याने विरोधकांचीच वचने हातात घेतली आणि प्रत्येकाच्या मागे दुसरे वचन जोडले. तो भुकेला झाला, पण त्याने हजारोंना जेवू घातले. तो तहानला, पण ‘कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावे’ असे त्यानेच पुकारले. तो थकला, पण थकल्याभागल्यांचा विसावा तोच आहे. झोपेने त्याचे डोळे जड झाले, पण समुद्रावर तो हलक्या पावलांनी चालला. तो प्रार्थना करतो, पण प्रार्थना ऐकतोही. तो रडतो, पण रडणे थांबवतोही. मेलेल्या लाजराला कोठे ठेवले म्हणून विचारतो, कारण तो मनुष्य आहे; लाजराला उठवतो, कारण तो देव आहे. त्याला विकले गेले, तेही फार स्वस्तात, तीस नाण्यांना. पण त्याने जग विकत घेतले ते मोठी किंमत मोजून, कारण ती किंमत त्याचे स्वतःचे रक्त होती.

ही ओळ अशीच लांबत जाते आणि तिची रचना कानासाठी आहे. प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग विरोधकाला मान्य असलेला, दुसरा अर्धाही शुभवर्तमानातलाच, तेव्हा तोही त्याला नाकारता येत नाही. पुराव्याच्या दृष्टीने पाहिले, तर यातून ख्रिस्ताचे देवत्व ‘सिद्ध’ होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की अर्धी वाक्ये गाळून शुभवर्तमान वाचता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ग्रेगरीला तेवढेच हवे होते.

‘थोर’ या शब्दाचे स्पष्टीकरण तो असे देतो: पिता थोर आहे तो उगम या नात्याने, आणि समान आहे तो स्वरूपाने. हे उत्तर नीट उभे राहते. ‘पुत्रालाही ठाऊक नाही’ या वचनावरचे त्याचे उत्तर मात्र मला तितके भक्कम वाटत नाही. तो म्हणतो, की देव म्हणून त्याला ठाऊक आहे आणि मनुष्य म्हणून नाही. हे पुरेसे नाही याची चाहूल त्यालाही असावी, कारण लगोलग तो दुसरे उत्तर जोडतो, की पुत्राचे ज्ञानही पित्यापासूनच येते, म्हणून त्याचे श्रेय पित्याकडे दिले आहे. एका प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात, तेव्हा वाचकाने जरा थबकायला हरकत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी?

पुत्र पूर्ण देव की जवळजवळ देव, याने एखाद्या कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या आयुष्यात काय फरक पडतो? नायसीयाच्या बाजूचे उत्तर तर्कशास्त्रातून आलेले नाही, उपासनेतून आलेले आहे. अथानासियस पुन्हा पुन्हा तीच गोष्ट विचारत होता: पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर त्याची उपासना करणारे तुम्ही निर्मितीची उपासना करता आणि मूर्तिपूजकांना नावे ठेवता, हे कसे? दुसरा मुद्दा तारणाचा. मरणाधीन झालेल्या माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळावा, हे तारण असेल, तर तो वाटा स्वतः देव असलेलाच देऊ शकतो; ज्याला स्वतःलाच तो उसना मिळाला आहे, तो नव्हे. आपण देवस्वरूप व्हावे म्हणून तो मनुष्य झाला, हे अथानासियसचे वाक्य याच अर्थाचे आहे.

ग्रेगरीने याची दुसरी बाजूही पुढे लिहून ठेवली: जे धारण केले नाही, ते बरे झाले नाही. म्हणजे ख्रिस्ताने मनुष्यपण अर्धवट घेतले असेल, नुसता देह घेऊन मानवी मन घेतले नसेल, तर माणसाचे मन बरे व्हायचे राहून गेले. तेव्हा देवत्वाचा बचाव करणाऱ्यालाच मनुष्यत्वाचाही बचाव करावा लागला. त्या नम्र वचनांना ग्रेगरी हात लावू देत नव्हता, त्यामागे हेच कारण होते.

हे सगळे तीनशे वर्षांनी रचले गेले, असे नाही काय?

कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव केले, असा समज कादंबऱ्या आणि चित्रफितींमधून बराच पसरला आहे. तो टिकत नाही. नायसीया ज्या बिथिनियात आहे, त्याच भागाचा रोमन राज्यपाल प्लिनी याने ११२च्या सुमारास सम्राट ट्रेजनला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांची चौकशी करून तो कळवतो, की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात. हा विरोधी साक्षीदार आहे आणि नायसीयाच्या दोनशे वर्षे आधीचा आहे.

त्याच्याही आधी प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त ‘देवाच्या स्वरूपाचा’ असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, असे म्हटले आहे. साधारण १६०–१७०च्या सुमारास आशिया मायनरमधील सार्दीसचा बिशप मेलितो याने वल्हांडणाच्या सणाला दिलेल्या प्रवचनात, ज्याने पृथ्वी टांगली तो टांगला गेला आणि देवाचा खून झाला, अशी थरकाप उडवणारी वाक्ये आहेत. ग्रेगरीच्या जोडवाक्यांची वंशावळ इथपर्यंत मागे जाते. आणि रोममधील पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोणीतरी ओरखडून काढलेले कुचेष्टेचे चित्र सापडले आहे: क्रूसावर गाढवाचे डोके असलेला मनुष्य, समोर हात उंचावलेला एक जण आणि खाली ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो’ अशा अर्थाची ओळ. ते चित्र साधारणपणे २००च्या आसपासचे मानले जाते. ज्याची टिंगल होते आहे, ती श्रद्धा आधीपासून अस्तित्वात असलीच पाहिजे.

नायसीयाने श्रद्धा निर्माण केली नाही, हे यावरून म्हणता येते. पण देव आहे म्हणजे नेमका कोणत्या अर्थाने, याचे उत्तर आधीच्या काळात एकसारखे नव्हते, हेही तितकेच खरे आहे. आरियसचा पक्ष एवढा फोफावला तो त्यामुळेच.

मग याला अवतार म्हटले की झाले!

राम-कृष्णांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हे सर्वांत सोपे वाटते, आणि त्यात साम्य आहेच: दोन्हीकडे देव खाली येतो. परंतु ग्रेगरीच्या प्रवचनांचा भर जिथे आहे, तिथे वाटा फुटतात. त्याच्या मते हे येणे एकदाच घडले, आणि घेतलेले मनुष्यपण कार्य आटोपल्यावर उतरवून ठेवायचे नव्हते. ते कायमचे घेतलेले आहे. ख्रिस्ताचे दुःख हा केवळ देखावा होता, असे मानणारे गट दुसऱ्या शतकापासूनच होते आणि चर्चने त्यांनाही आरियसइतक्याच कडकपणे बाजूला सारले. उलट आरियसच्या मताला अवताराची कल्पना मुळीच लागू पडत नाही, कारण तिथे खाली येणारा स्वतः देव नाही. देवाने पाठवलेला, त्याच्यानंतरचा कोणी आहे.

की हा विजय तलवारीचा होता?

हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. सम्राट थिओडोसियसने फेब्रुवारी ३८०मध्ये थेसलोनिका येथून फर्मान काढले, की सर्व प्रजेने रोम आणि अलेक्झांड्रिया येथील बिशप जी श्रद्धा मानतात तीच मानावी. न मानणाऱ्यांची संभावना त्यात वेडगळ म्हणून केली आहे. नोव्हेंबरात तो राजधानीत दाखल झाला. नायसीया मान्य करा किंवा चर्च सोडा, असे त्याने तिथला बिशप डेमोफिलस याला बजावले. डेमोफिलसने चर्च सोडले आणि वेशीबाहेर जाऊन उपासना चालवली. स्वतःच्या मताशी इमान राखणारा तोही होता, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर ग्रेगरीला सैनिकांच्या पहाऱ्यात मोठ्या चर्चमध्ये नेऊन बसवण्यात आले. आपल्या आत्मचरित्रपर काव्यात तो लिहितो, की रस्त्यांवर, खिडक्यांतून, छतांवरून लोक रडत-ओरडत होते आणि शहर शत्रूने जिंकून घेतल्यासारखे दिसत होते. जिंकलेल्या माणसाने स्वतःच्या विजयाचे असे वर्णन क्वचितच केले असेल. तलवारीचा हात त्यात होता, हे नाकारता येणार नाही. तरी केवळ तलवारीने हा प्रश्न सुटत नाही, याचा दाखला त्याआधीची चाळीस वर्षे देतात: तेव्हा तलवार दुसऱ्या बाजूला होती, तरीही अनास्तासियातील ती गर्दी नाहीशी झाली नव्हती. आणि गॉथ लोक या फर्मानानंतरही दोन शतके नायसीयाविरोधी ख्रिस्ती श्रद्धाच पाळत राहिले. स्पेनमधील त्यांच्या राज्याने ती सोडली ५८९मध्ये.

३८१मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत म्हटला जाणारा नायसीयाचा विश्वासांगीकार ज्या रूपात आहे, ते रूप याच परिषदेशी जोडले जाते. ग्रेगरी काही दिवस तिचा अध्यक्ष होता. बिशपांच्या आपसांतील हेव्यादाव्यांना तो विटला, त्यातच शहराचा बिशप म्हणून झालेल्या त्याच्या नेमणुकीवर तांत्रिक हरकत निघाली. त्याने राजीनामा दिला आणि कप्पादोकियातील आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर जाऊन तो कविता लिहीत राहिला.

त्याच्या नियमाने एक दार बंद केले आणि दुसरे उघडले. उंच वाक्ये आणि नम्र वाक्ये एकाच व्यक्तीची असतील, तर त्या व्यक्तीत देवपण आणि मनुष्यपण एकत्र कसे नांदतात? यावर पुढची सत्तर वर्षे वाद झाला आणि ४५१मध्ये कॅल्सिडन येथील परिषदेत ‘दोन स्वभाव, एक व्यक्ती’ असे सूत्र ठरले. इजिप्त आणि सीरियातील अनेक ख्रिस्ती समाजांनी ते स्वीकारले नाही. केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च आजही त्याच परंपरेत आहे. कॅल्सिडन मानणारे आणि न मानणारे, असे दोन्ही पक्ष आपल्या बाजूने ग्रेगरीचीच वचने काढून दाखवत आले आहेत.